नाव लिहा कुंडलिकचं

मुलुंडच्या टेकडीला चिकटून संघमित्रानगर आहे. तिथे कुंडलिक भालेराव यांना न ओळखणारा माणूस शोधायचा झाला, तर नुकत्याच जन्मलेल्या पोराकडेच जावं लागेल. आणि तेही दोन दिवसांत त्यांच्याच मांडीवर सापडेल. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळे, शर्ट पांढरा आणि कडक इस्त्रीचा. एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. कारखाना गेला, तिथे टॉवर आला, तेव्हापासून ते मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. एका गोष्टीचा त्यांना जन्मजात तिटकारा. घाणीचा. गल्लीत कोणी पचकन थुंकलं की त्यांचा आवाज टेकडीच्या माथ्यावर ऐकू जायचा, "अरे, आईच्या चुलीपाशी थुंकतोस का रे असा?" थुंकणारा मुकाट बादली आणायचा.

पण लोक त्यांना मानायचे ते दुसऱ्याच कारणाने. कुंडलिक नाव द्यायचे.

नाव द्यायचे म्हणजे काय, ते सांगायला हवं. जयंतीची मिरवणूक असो, गणपती असोत की निवडणूक, आधीच्या आठवड्यात पोलीस वस्तीत कागद घेऊन येतात. शांततेचा भंग झाला तर जबाबदार तुम्ही, अशी नोटीस. वातावरण जरा तापलेलं असलं तर नोटिशीवर भागत नाही. मग चॅप्टर केस होते, बोलावून घेतात, चांगल्या वागणुकीचा बॉन्ड लिहून घेतात. गुन्हा काहीच घडलेला नसतो. घडू नये म्हणून आधीच नावं लिहून ठेवायची, एवढंच. वस्तीमागे चार नावं दाखवली की साहेब लोक खूश. ती कोणाची, याच्याशी कोणाला कर्तव्य नसतं. बीट हवालदार राणे यायचे, मंडपापाशी उभ्या पोरांवर नजर फिरवायचे आणि विचारायचे, "हा लांब केसवाला कोण? ह्याचं नाव सांगा."

"त्याचं कशाला? माझं लिहा," कुंडलिक म्हणायचे.

"काका, दर वेळी तुमचंच?"

"मग काय झालं? मंडळाचा अध्यक्ष मी. दंगा झाला तर मला धरा."

राणे हसायचे. ठाण्यात चहा व्हायचा, सही व्हायची, आणि संध्याकाळी कुंडलिक परत दुकानात. वीसेक वर्षं हे असंच चाललं. "ठाण्यात माझ्या नावाची खुर्ची आहे," असं ते ऐटीत सांगायचे, आणि पोरं खो खो हसायची.

ह्या ऐटीमागे एक जखम होती. त्यांचा धाकटा भाऊ रतन. रेल्वेत त्याची निवड झाली होती, आईने पेढेही वाटले होते. मग पोलिसांची चारित्र्य पडताळणी आली आणि त्यात एका मिरवणुकीच्या वेळची चॅप्टर केस निघाली. रतन त्या मिरवणुकीत नाचला होता, एवढाच त्याचा अपराध. नोकरी गेली. त्यानंतर रतन दारूत गेला आणि दारूतच संपला. त्याला पोहोचवून आल्यावर कुंडलिकांनी ठरवलं, ह्या वस्तीतल्या पोराचं नाव पुन्हा त्या कागदावर जाऊ द्यायचं नाही. आणि जाऊ दिलं नाही. तो केसवाला विकी आज विमानतळावर विमानात सामान चढवतो. पोलिसांचा दाखला स्वच्छ असल्याशिवाय तिथला पास मिळत नाही. धम्मपाल मेट्रोत लागला. शेजारच्या कोकणी बिऱ्हाडातला सिद्धेश तर पोलिसातच भरती झाला. त्या सगळ्यांची पाटी कोरी होती, कारण कुंडलिकांची भरलेली होती.

आता संडासाची गोष्ट. नाक धरा, पण ऐका.

वस्तीच्या खालच्या अंगाला सार्वजनिक संडास आहे. ठेकेदाराने टाकी उपसली नाही आणि तो भरून वाहायला लागला. घाण पायऱ्यांवरून गल्लीत उतरली. पोरं विटांवर पाय ठेवून शाळेत जायची. कुंडलिकांनी वॉर्डात अर्जामागून अर्ज केले, फोन केले, एकदा तर तिथल्या बाबूला म्हणाले, "साहेब, अर्ज राहू दे, तुम्ही एकदा चपला काढून चालून दाखवा." कोणी फिरकलं नाही. अखेर एका सकाळी गाडी आली. आली ती उपसायला नव्हे. संडास धोकादायक झाला आहे म्हणून त्याला कुलूप लावायला.

बायका खाली उतरल्या. कुंडलिकांची बायको द्रौपदीबाई सगळ्यांच्या पुढे. "कुलूप लावता, मग आम्ही जायचं कुठं? तुमच्या घरी येऊ का रांग लावून?" रेटारेटी झाली. त्यात पालिकेचा तरुण इंजिनिअर पायऱ्यांवरून गेला तो थेट त्या घाणीत, आणि मनगट मोडून बसला. धक्का कोणाचा लागला, की नुसताच पाय घसरला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पोलीस आले. राणे तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. आला तो नवा फौजदार, चेहऱ्यावर रुमाल बांधलेला. त्याने रुमालाआडूनच विचारलं, "कोणी ढकललं? नाव सांगा."

बायका द्रौपदीबाईंभोवती सरकल्या. आणि नाव हा शब्द कानावर पडल्याबरोबर कुंडलिकांची जीभ सवयीने हलली. "लिहा, कुंडलिक भालेराव."

त्यांना वाटलं, चहा होईल, सही होईल, दिवेलागणीला घरी. इतक्या वर्षांत दुसरं काही झालंच नव्हतं. पण ही नोटीस नव्हती. सरकारी कामात अडथळा, कर्मचाऱ्याला दुखापत, अजामीनपात्र गुन्हा. द्रौपदीबाई ओरडत राहिल्या की हे तर मागे नळापाशी उभे होते. फौजदार म्हणाला, "आजी, ते स्वतःच सांगतायत ना?" आणि गाडीचं दार लागलं.

उपनगरातल्या ज्या कोर्टात त्यांना उभं केलं, तिथे गेल्या वर्षापासून एक नवा पाहुणा बसवलाय. आरोपीचं नाव टाकायचं, की यंत्र पोलिसांच्या नोंदी चाळतं आणि रंग सांगतं. हिरवा म्हणजे सोडायला हरकत नाही, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे आत ठेवा. कृत्रिम बुद्धिमत्ता असं त्याचं भारदस्त नाव आहे. वकील मंडळी त्याला सिग्नल म्हणतात. हा निव्वळ सल्ला आहे, निर्णय न्यायाधीशांचाच, असं अहवालाच्या पहिल्या ओळीत छापलेलं असतं. अशा ओळी लिहिणारी माणसं वेगळीच असतात. पायरीवर साबण घासून ठेवायचा आणि वर पाटी लावायची, जपून चाला.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी कुंडलिकांकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहिलं. पडदा लाल होता. कुंडलिक जेलात गेले.

जेलात त्यांची जागा बराकीच्या संडासालगत आली. नव्या माणसाची तीच जागा. ज्या माणसाने आयुष्यभर कोपरान्कोपरा धुऊन काढला, तो नाकावर टॉवेल घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. साखर वाढली, पाय सुजले. तरी ते कुरकुरले नाहीत. कोर्ट आहे, शिकलेली माणसं आहेत, आठवडाभरात कळेल त्यांना, असं ते शेजारच्यांना सांगत. बाबासाहेबांचा कायदा आहे, असंही सांगत.

मोफत कायदेशीर मदतीकडून वकील मिळाली ती रुचिरा. भांडुपची, गिरणीत काम केलेल्या आजोबांची नात, बोलायला तिखट. मुलाखतीच्या जाळीपलीकडे बसल्या बसल्या ती म्हणाली, "काका, वाट लागलीय. मशीन म्हणतं, तुम्ही सराईत आहात."

"सराईत? मी?"

"अख्ख्या वस्तीत पोलिसांकडे सगळ्यात जास्त वेळा नाव कोणाचं आलं? तुमचं. त्याला नोटीस काय, चॅप्टर काय, गुन्हा काय, फरक कळत नाही. नाव आलं की मोजलं. वर शेरा मारलाय, जमाव गोळा करण्याची क्षमता जास्त."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हे. फरक इतकाच की पूर्वी सुळी देणाऱ्याला आपण चुकतोय हे कधी ना कधी कोणी तोंडावर सांगायचं. यंत्राला तोंडच नाही.

"बरं, मशीनला कळत नाही," कुंडलिक म्हणाले. "साहेबाला तर कळतं ना? एवढा शिकलेला माणूस."

"कळतं ना. चांगलं कळतं." रुचिरा हसली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "पण लाल असताना सोडलं, तर वेगळी कारणं लिहावी लागतात. ती वर जातात. महिन्याला तक्ता निघतो, कोणत्या कोर्टाने किती वेळा मशीनचं ऐकलं नाही. मग फोन येतो. ओरडत नाही हं कोणी. गोड आवाजात विचारतात, काही अडचण आहे का? ह्या साहेबांची बदली जवळ आलीय, मुलगी दहावीला आहे. ते कशाला फोन ओढवून घेतील?"

कुंडलिक विचारात पडले. जजसमोर मंत्र्याचंही चालत नाही, हे ते मंडळाच्या पोरांना दर जयंतीला भाषणात सांगत आले होते. "म्हणजे तो मशीनला घाबरतो?"

"मशीनला कोण घाबरतंय, काका? तक्त्याला."

मग तिने मान खाली घातली आणि खरं जे सांगायला आली होती ते सांगितलं. एक वाट होती. त्या नोटिसा खऱ्या कोणासाठी होत्या ते कुंडलिकांनी शपथेवर सांगायचं. पोरांची नावं द्यायची. मग नोंदी दुरुस्त होतील, त्यांचा आकडा उतरेल, रंग पिवळा झाला तरी साहेब सोडतील. सरकारी वकिलांनाही ते मान्य होतं.

"आणि ती नावं?"

"ती मशीनमध्ये जाणार."

"विकीचा पास?"

रुचिराने फाईल मिटली.

  "पोरी, बराकीतल्या त्या संडासाला निदान वास येतो," कुंडलिक म्हणाले. "माणूस नाक तरी दाबतो. हे तुमचं बिनवासाचं आहे."

"काका, तुम्हाला बाहेर काढणं माझं काम आहे. सांगणं भाग होतं मला."

"तू सांगितलंस, मी ऐकलं. तुझ्यावर राग नाही."

दुसऱ्या खेपेला द्रौपदीबाई आल्या. त्यांना रुचिराने सगळं सांगितलं होतं आणि त्या तापूनच आल्या होत्या. "द्या की नावं! कोण लागतात ती तुमची? एक तरी आलं का भेटायला?"

"विकी नाही आला?"

"फोन केला त्यानं. रडत होता. म्हणाला, काकी, गेटवर आधार कार्ड घेतात, नोंद होते. म्हणाला, काकांना सांगा." द्रौपदीबाईंनी पदराने तोंड पुसलं. "काय सांगा, ते नाही बोलला."

हे मात्र कुंडलिकांना लागलं. नाही लागलं असं कोण म्हणेल? ज्याला पाठीशी घातलं, त्याला आता त्यांची सावलीही नको होती. त्यांनी जाळीची गाठ बोटाने चाचपली. मग म्हणाले, "नाही आला ते बरं केलं. आला असता तर मीच हाकलला असता."

"म्हणजे नावं नाही देणार?"

"नाही."

"मग मराल इथं."

"साहेबासमोर बोलतो मी. त्याला दिसेल ना माणूस."

ह्या एका आशेवर कुंडलिक सुनावणीला गेले. अंगावर पांढरा शर्ट होता, इस्त्री मात्र नव्हती. साहेब चाळिशीचे, आवाजाने सौम्य, डोळ्यांखाली काळं. रुचिरा तावातावाने बोलली. एकही शिक्षा नाही, एकही खटला नाही, नोटिसा म्हणजे गुन्हे नव्हेत, हा माणूस वीस वर्षं पोलिसांच्याच सोयीसाठी सही करत आलाय. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, हे मला शिकवायला नको. शपथपत्राचं काय झालं? नावं देतायत का ते?"

कुंडलिकांनी पिंजऱ्यातून हात वर केला. "साहेब, मी बोलू?"

"बोला."

"नावं मी देणार नाही. ते राहू दे. मला फक्त एक सांगा. तुम्ही माझे कागद वाचले, मला बघितलं. तुम्हाला काय वाटतं? मी पळून जाईन? कोणाला धमकावीन?"

आरोपीने न्यायाधीशाला प्रश्न विचारायचा नसतो. साहेब दरडावू शकले असते. पण दिवसभराचे थकलेले असतील, किंवा कुंडलिकांच्या तोंडाकडे बघून राहवलं नसेल, त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं. "नाही. मला तसं वाटत नाही."

 शेजारी बसलेल्या स्टेनोची बोटं थांबली. "साहेब, हे लिहून घ्यायचं?" तिने हळूच विचारलं.

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "नको," ते म्हणाले.

कुंडलिकांनी ते ऐकलं. फोरमनने त्यांना शिव्या घातल्या होत्या, फौजदाराने बखोट धरलं होतं, एका घरमालकाने आडनाव विचारून दार लावलं होतं. त्या सगळ्यांचा त्यांना राग आला होता. आज राग आला नाही. किळस आली. त्या माणसांना निदान जे करत होते ते बरोबर वाटत होतं. ह्याला खरं काय ते माहीत होतं, त्याने ते भर कोर्टात बोलून दाखवलं होतं, आणि मग शेंबूड पुसावा तसं ते पुसून टाकलं होतं.

"घ्या की, साहेब," ते म्हणाले. "तुमचंच मत आहे. चोरीचं थोडंच आहे?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "भालेराव, शांत राहा. इथे माझ्या वाटण्यावर चालत नाही."

"मग कोणाच्या वाटण्यावर चालतं?"

 उत्तरादाखल आला तो कागद. आदेशाचा मसुदा यंत्राने आधीच करून ठेवला होता, स्टेनोने फक्त छापला. आरोपीचा पूर्वेतिहास पाहता जामीन अर्ज नामंजूर, असं त्यात सफाईदार मराठीत लिहिलेलं होतं, एक काना इकडचा तिकडे नव्हता. रुचिरा वरच्या कोर्टाचं काहीतरी म्हणत होती. साहेबांनी पेन उघडलं.

कुंडलिकांचं लक्ष त्या पेनाकडे होतं. ते आवाज न चढवता बोलले. "साहेब, मीही आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागी माझं नाव दिलंय. पण कोणाला आत टाकायला नाही दिलं."

पेन क्षणभर कागदावर थांबलं. सरकारी वकील खोकले. मग सही झाली, खाली पूर्ण नाव आलं, शिक्का बसला आणि साहेबांनी मान वर न करता पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

बाहेर जिन्यापाशी द्रौपदीबाई उभ्या होत्या. गर्दीमुळे त्यांना आत शिरता आलं नव्हतं. शिपायाबरोबर नवरा येताना दिसला तशा त्या पुढे धावल्या. "काय म्हणाले साहेब?"

"साहेबांना पटलं," कुंडलिक म्हणाले.

द्रौपदीबाईंचा चेहरा उजळला. "पटलं ना? मी म्हणतच होते! मग चला की घरी."

"पटलं गं. पण सोडलं नाही."

त्यांना ते चटकन कळलंच नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. "मग त्यांना पटून काय उपयोग?" त्यांनी विचारलं.

शिपाई म्हणाला, "आजी, बाजूला व्हा," आणि कुंडलिकांना गाडीकडे घेऊन गेला.